तीन ठोके

"आजोबा, दम खा जरा!" चढावर थांबून नात कानाशी ओरडली. त्या आवाजानं समोरच्या तीन खिडक्या उघडल्या, आजोबांना मात्र जेमतेम ऐकू आलं. वीस वर्षं जहाजांवर रिव्हेट ठोकून कान कामातून गेलेले.

खाली गोदी ओसाड पडली होती. भर दुपारी गंजकी क्रेन वाऱ्यानं कण्हत होती. आजोबा तिकडे बघतच नव्हते.

"फक्त माफी मागायची. रडायचं नाही," नात पुन्हा कानाशी ओरडली.

"रडतंय कोण?" डोळे पुसत ते म्हणाले.

चाळीस वर्षांपूर्वी, जहाज पाण्यात सोडायच्या दिवशी, तळातल्या टाकीचं झाकण त्यांनीच बसवलं होतं. गोदीचा नियम साधा. आत उतरणाऱ्यानं आपला बिल्ला धक्क्यावरच्या फळ्याला टांगायचा, वर आला की काढून घ्यायचा. झाकण लावणाऱ्यानं तीन ठोके द्यायचे आणि पत्र्याला तळहात टेकवून थांबायचं. आत कुणी असलं, तर उलटे ठोके हाताला कळतात. बहिऱ्यांचं ऐकणं ते असं!

त्या दिवशी घाईत ते थांबले नाहीत. जहाज पाण्यात गेलं, तेव्हा फळ्यावर त्यांच्या कामातल्या जोडीदाराचा बिल्ला लटकत होता. आजोबांनी तो खिशात घातला आणि तोंड शिवलं. जोडीदार पळाला, असं गाव म्हणालं. आजोबांचा मुलगा, म्हणजे नातीचा मामाही, त्याच सुमारास भांडून घरातून गेला होता; कुठल्याशा बोटीवर चढला असेल, असं सगळ्यांनी धरलं. घरात मन लागेना, तेव्हा आजोबांनी गावच सोडलं.

चढ संपला. दार जोडीदाराच्या बायकोनं उघडलं. बघताच ओळखलं. "ही मुलीची मुलगी ना?"

"वहिनी, मी तुमचा गुन्हेगार..." आजोबांचे हात जोडलेले तसेच राहिले. आत खुर्चीवर जोडीदार बसला होता. म्हातारा, धडधाकट, जिवंत.

आजोबा धावलेच. हसले, रडले, त्याला गदागदा हलवलं. "अरे चोरा, जिवंत आहेस!" जोडीदार मात्र मान वर करेना.

म्हातारीनं नातीला बाजूला ओढलं. "ह्यांना ताप होता गं त्या दिवशी. बिल्ला दुसऱ्याला दिला. तो परतला नाही. मग ह्यांनी भीतीनं गाव सोडलं, कित्येक वर्षं तोंड दाखवलं नाही."

"दुसरा कोण?"

"बापाचं काम गुपचूप शिकायचं होतं त्याला." तिनं आजोबांकडे बघितलं. "तुझा मामा."

"काय म्हणतात वहिनी?" आजोबा आनंदानं वळले. "ओरडून सांग की, पोरी!"