कडूबाची दाढ

औरंगाबादच्या छावणीत, १९६८ साली, दातांचे डॉक्टर गंधे पिशोरच्या कडूबावर खेकसले, "किडे पाडायला रिंगणीच्या बियांची धुरी घेतलीस? मूर्खा, दाताची कीड म्हणजे किडा नव्हे, खड्डा! तो साफ करून सिमेंटनं भरायचा. त्याला फिलिंग म्हणतात."

"भरू नका, डाक्टरसाब. आतलं आतच कोंडंल. दाढच काढा. चार दिस घास नाय गिळला."

"डॉक्टर तू का मी?"

मुळाशी सूज आहे का, हे बघायला त्यांनी आरशाच्या दांड्यानं दाढेवर तीनदा ठोकलं.

आतून तीनदा उत्तर आलं.

त्यांनी दोनदा ठोकलं. आतून दोनदा.

"हवा असते," म्हणत गंध्यांनी घाईनं खड्डा भरला. आवाज थांबला.

"आहे का काही आत, अडाण्या?" त्यांनी विचारलं.

कडूबा उठून भिंतीपर्यंत मागं सरला. टकटक आता डॉक्टरांच्या तोंडातून येत होती.