नेहमीसारखंच खा

दर मंगळवारी संशोधन केंद्रातल्या ताईंचा फोन आला, की मी बाळाला पाजायला मुद्दाम जाऊबाईंजवळ जाऊन बसायचे.

“भाकरी किती खाल्लीत? उसळ कुठल्या वाटीनं घेतली? पोट भरलं ना?” ताई त्यांना विचारायच्या. माझ्या जिवाची नुसती आग व्हायची. लग्नापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं.

गरोदरपणात आम्हा दोघींचीही साखर वाढलेली. पुढे मधुमेह होऊ नये म्हणून आहारावर अभ्यास निघाला, त्यात दोघींनी नाव दिलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, त्यात जाऊबाई आहाराच्या गटात गेल्या. मला सांगितलं, तुम्ही नेहमीसारखंच खा. त्यांना ताकीद होती, हा आहार जावेला द्यायचा नाही, नाहीतर अभ्यासातून नाव कमी करू.

तरी एका दुपारी त्यांनी माझंही ताट शेजारी मांडलं. “बस गं. एकटीनं काकड्या चावायला मी काय शेळी आहे?” मग रोजच मांडू लागल्या.

सहा महिन्यांनी माझीही साखर उतरली. तपासणीसाठी घरी आलेल्या ताई चक्रावल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर वही उघडून बसल्या. “सांगा ना, काय काय खाता तुम्ही?”

सगळं अगदी ओठांवर आलं. जाऊबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

“काही विशेष नाही हो. असेल ते खाते.”

ताईंनी तेवढंच लिहिलं नि त्या जाऊबाईंकडे वळल्या. पुढचा पाऊण तास दोघी मटकीच्या उसळीचं कौतुक करत होत्या.

उसळ रोज मी करायचे.