लाल ठिपक्याचा पेला

“आमच्या मुलांना तिचं काही लागलं नाही ना?” खुर्चीवर टेकायच्या आधीच काकूंनी विचारलं. एवढंच विचारायला त्या दोन बस बदलून आल्या होत्या.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी अहवालावरून मान वर केली. चिंगीला जाऊन तीन आठवडे झाले होते. हॉस्पिटलात आणलं आणि दुसऱ्याच दिवशी गेली, सात वर्षांची पोर. नेमकं कशानं गेली ते कळावं म्हणून शवविच्छेदनाची परवानगी मागितली तेव्हा काका कचरत होते. काकूच म्हणाल्या, “करा सही. घरात आपली दोन लेकरं आहेत, कळायला नको?”

चिंगी काकूंच्या धाकट्या दिराची मुलगी. तिचे आईबाप एचआयव्हीनं गेले आणि पोरीलाही तो जन्मापासूनच होता. काकूंनी तिला घरी आणलं. औषधं घड्याळ लावून दिली, एक वेळ चुकवली नाही. काकूंचं मन मोठं, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि काकूही नाही म्हणायच्या नाहीत. फक्त तिची ताटली आणि पेला वेगळा. चुकून अदलाबदल नको म्हणून दोन्हींच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. ताटल्या-पेल्यांतून हा आजार पसरत नाही, असं हॉस्पिटलात दहादा सांगून झालं होतं. काकू “हो हो” म्हणायच्या आणि घरी येऊन ठिपका पुन्हा गडद करायच्या.

“एचआयव्ही आटोक्यात होता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषधं तुम्ही नीट दिलीत. चिंगी टीबीनं गेली. फुफ्फुसं, यकृत, सगळीकडे मोहरीएवढ्या गाठी होत्या. आम्ही साधा न्यूमोनिया समजून त्याचीच औषधं दिली. आमच्या लक्षात यायला हवं होतं. मला लाज वाटते त्याची.”

“टीबी? तिला कुठून होणार? आम्ही तर तिला कुठं पाठवतच नव्हतो.”

“लहान मुलांना बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसाकडून होतो. घरात कोणाला खोकला आहे?”

“छे, कोणाला नाही,” काकू म्हणाल्या आणि खोकल्या. रुमाल तोंडाशी धरून चांगल्या मिनिटभर खोकल्या. “हा माझा नेहमीचा. धूळ सोसत नाही मला.”

“किती दिवस झाले?”

काकूंनी मनाशी हिशेब केला. “पाचेक महिने,” म्हणाल्या, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांना तो ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली काकूंची, मग काकांची, मग दोन्ही मुलांची. टीबी बरा होतो, घाबरू नका, असंही म्हणाल्या. काकूंना मान वर करवेना.

बसमध्ये नको ते आठवत राहिलं. काकू खोकल्या की चिंगी हातातलं टाकून पाणी आणायला पळायची. मग जवळ बसून त्यांची पाठ चोळायची. एकदा घाईघाईत तिनं स्वतःच्याच पेल्यात पाणी आणलं. काकूंनी बुडाचा ठिपका पाहिला आणि पेला भिरकावला. “मारायचंय का मला?” पोर रडली नाही. तिनं फरशी पुसली, दुसऱ्या पेल्यात पाणी आणलं आणि पुन्हा पाठीशी येऊन बसली.

घरात पाऊल टाकलं तोच काकूंना उबळ आली. त्यांची धाकटी पाणी घेऊन धावली.

“लांब थांब. तिथंच ठेव ते.”

तोंडावर रुमाल दाबून त्या स्वयंपाकघरात गेल्या. फडताळात अगदी मागे सरकवलेला पेला त्यांनी काढला आणि त्यात पाणी ओतून घेतलं.

“आई, तो चिंगीचा आहे,” धाकटी दारातून घाबरून म्हणाली. “ठिपका बघ ना.”

काकू घोटभर पाणी प्यायल्या.

“बघितला,” त्या म्हणाल्या. “तो माझ्या पेल्याला हवा होता.”