हक्काची ओळ

"हे बघा ताई, ती फाइल तुमच्या बाळाची असली तरी तुमची नाही," कुलूपकाका तिसऱ्यांदा म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

समोर एक बाई बसली होती. तिच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. शिवणयंत्रावरून तशीच उठून आली असावी. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीतून इअरफोनची वायर लोंबत होती. बसमध्ये गाणी ऐकत येत असेल, असं काकांना वाटलं.

संशोधकांनी एकमेकांना वापरायला दिलेल्या फाइली सांभाळणं हे काकांचं काम. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते: हक्क कोणाचा, आणि पुन्हा कोणी, कशासाठी वापरायची. फाइल जगात कुठेही गेली तरी ही ओळ तिच्याबरोबर जाते. त्या ओळीच्या बाबतीत काका इतके कडक, की ऑफिसात त्यांचं खरं नाव आता कोणी घेतच नसे.

या फाइलीत एका तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आवाज होता. काकांनी पडदा तिच्याकडे वळवला. 'हक्क: रुग्णालय. पुनर्वापर: फक्त संशोधकांना. खासगी व्यक्तींना नाही.'

"म्हणजे दुनियेतलं कोणीही घेणार," बाई म्हणाली, "आणि मी आई असून..."

"आई असून तुम्हाला कोणी विचारत नाही. खरंय ताई. पण कागदावर सही तुमचीच आहे ना?"

"कागद पुढे आला, सही केली. शुद्धीवर होते का तेव्हा, देव जाणे. चारच दिवसांचं होतं हो."

काकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. अशी माणसं अधूनमधून येतच. आमच्या माणसाचं काढून टाका, परक्यांच्या हाती नको, म्हणत. काका त्यांना पाणी देत, नियम दाखवत आणि जिन्यापर्यंत सोडत. त्यांच्या हातात होतं काय? डोंबल!

"संशोधक म्हणायचं तरी कोणाला?" उठता उठता बाईने विचारलं.

टोमणाच होता तो. काकांनी मुकाट्याने गिळला. "ज्याच्या गळ्यात प्रयोगशाळेचं कार्ड, त्याला."

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"बिचारी. पण मी काय म्हणते..." बायकोने सुरुवात केली.

"नियम आहे, मी काय करणार, हेच ना?"

"तुम्ही तर माझंही वाक्य पुरं होऊ देत नाही! जेवा आता." तिने त्यांच्या ताटात भात वाढला आणि हळूच म्हणाली, "तुमच्या मशीनला आई कळत नाही. तुम्हाला तरी कळते का?"

काका नुसताच भात कालवत राहिले.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आली. पिशवी तीच, वायरही तशीच लोंबत होती.

"बराच मोठा आहे का हो तो आवाज?"

"चांगला पाऊण तास आहे."

"पाऊण तास!" तिने तोंडावर पदर धरला आणि हुंदका आवरता आवरता म्हणाली, "काका, तुम्ही जर फक्त एकदा..."

"पुरे ताई. कळलं मला. काही बोलू नका." काकांचेही डोळे भरून आले होते. "बघतो मी काय करता येतं ते."

ती हात जोडून गेली. काकांनी साहेबांकडे विषय काढला. साहेब हसले. "काका, नियम आम्हाला तुम्हीच शिकवलेत ना?" म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

दर शुक्रवारी दुपारी तिथलं यंत्र सगळ्या फाइलींच्या ओळी वाचतं. जिची ओळ कोरी, ती फाइल बेवारस. ती इथूनही पुसली जाते आणि जिने जिने ती नेली असेल त्या प्रत्येक संस्थेतूनही. मग ती कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. ज्यावर ते ठोके टिपले, ते रुग्णालयातलं मूळ यंत्र तर केव्हाच भंगारात गेलं होतं.

शुक्रवारी ऑफिस जेवायला गेलं असताना काकांनी ती ओळ पुसली. उभ्या नोकरीत त्यांनी अशी एक ओळ कोरी ठेवली नव्हती. चौकशी होईल, होऊ दे. नोकरी गेली तर गेली. एका आईचं एवढं तरी ऐकायला नको?

संध्याकाळी त्यांनी फाइल शोधून पाहिली. मागमूस नव्हता. बऱ्याच दिवसांनी ते शीळ घालत घरी गेले, आणि बायकोने न विचारताच तिला सगळं सांगून टाकलं.

सोमवारी बाई जवळजवळ धावतच जिना चढून आली. काका खुर्चीतून उठले. ही बातमी तिला कोणत्या शब्दांत सांगायची, याची त्यांनी वाटेत चारदा उजळणी केली होती. पण तिचा चेहरा आधीच असा फुललेला, की म्हटलं, आधी तिला बोलू द्यावं. आज त्यांनी तिला मध्येच तोडलं नाही.

"काका, हे बघा!" तिने गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. प्रयोगशाळेचं होतं, फोटोसकट. "हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे लागले मी. यंत्राचे पट्टे बाळांच्या नाजूक छातीला काचतात ना, ते मऊ कापडाचे शिवून देते. त्यांनी मला पथकात घेतलं. आता मीसुद्धा संशोधकच की नाही? आता नियम आडवा येणार नाही ना?"

ती खुर्चीवर टेकली आणि पिशवीतून इअरफोन काढून वायरीची गाठ सोडवू लागली.

"शेवटपर्यंत गळ्यात नळी होती हो त्याच्या. रडलासुद्धा नाही कधी. त्याचा म्हणून दुसरा आवाजच नाही जगात. लावता ना, काका?"