देव नसलेला कोपरा

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी थुंकू नये म्हणून सेक्रेटरी तावडेकाकांनी जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स लावून घेतल्या. आमच्या दाराशेजारचा कोपरा तेवढा राहिला, आणि तंबाखूची पिचकारी काका स्वतः तिथेच मारू लागले. रोज ती चिकट लाळ खरवडताना मला उमासे यायचे. "भांडू नकोस गं, मोठे आहेत ते," आई म्हणायची. आज काका गाल फुगवून वर आले, तेव्हा मी कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिले. "काका, गणपतीची मीटिंग कधी?" त्यांनी हातानेच 'बाजूला हो' म्हटलं. "आणि टाकीच्या गळतीचं काय झालं?" काकांनी खाली पाहिलं, तिथे मारुती, वर दत्तगुरू. हनुवटीवर लाल ओघळ आला. शेवटी डोळे मिटून त्यांनी सगळं गिळलं. "रविवारी," ते कसेबसे म्हणाले. मी विचारलं, "किती वाजता, काका?"