अध्यक्षबाईंचा अंगठा

“इथं अंगठा मारा, मालनबाई. लवकर!”

कापगते सरांना घाम फुटला होता. अकरा पोरांची शाळा, पोरं कमी म्हणून बंद व्हायच्या यादीत आलेली. तिला टाळं लागलं की खुशबूसारख्या मुलींना जंगलातून चार किलोमीटर चालावं लागणार, म्हणजे त्या घरीच बसणार. शाळा वाचवायचा ठराव पाचच्या आत साहेबांच्या फोनवर जायला हवा होता. शिक्षण कार्यालयाकडून फोनवर नमुना आला होता. सर म्हणतात म्हणून आठ पालकांनी उभ्याउभ्या सह्या ठोकल्या. आता अध्यक्षबाई तेवढ्या राहिल्या होत्या.

मालनबाई म्हणजे खुशबूची आजी. सरांनीच तिला शाळा समितीची अध्यक्ष केलं होतं. वाचता येत नाही, म्हणजे वाद नाही! समितीची सभा म्हणजे टेबलावर उघडं शाईचं पॅड. हिवाळ्यात हीच मालनबाई विहारातल्या बायांच्या लिहा-वाचायच्या वर्गासाठी खडू मागायला आली, तेव्हा सर हसले होते. “शिकणं शाळेत होते, बाई. विहारात वंदना घ्या.” खडू काही दिले नाहीत.

आज तिनं पॅड बाजूला सारलं.

“वाचून पायतो जी.”

“अहो, पावणेपाच होऊन राहिले! माझ्यावर भरोसा नाही का?” सरांचा आवाज रडवेला झाला.

मालनबाईनं ओळीवर बोट ठेवलं. बोट मुंगीच्या चालीनं सरकू लागलं. सरांना ओरडावंसं वाटत होतं.

“सदर... शाळा... बंद... करण्यास... आमची... हरकत... नाही.” तिनं मान वर केली. “बंद काहून करता जी?”

सरांनी कागद हिसकावला. तेच छापलेलं होतं. ‘पालकसभेचा ठराव’ एवढं शीर्षक बघून त्यांनी तो छापून आणला होता. कार्यालयाचे कागद भरून पाठवायचे, वाचत कोण बसतो? इतक्या वर्षांची सवय. आपल्याच हातानं आपण शाळा बुडवत होतो! ते मटकन ओट्यावर बसले.

“आता काय करू, मालनबाई?”

“पेन द्या जी.”

सरांनी खिशातला पेन काढून दिला. इतक्या सभा झाल्या, पण तिला पेन त्यांनी आज पहिल्यांदाच दिला.

मालनबाईनं ‘नाही’ खोडलं, वर ‘आहे’ लिहिलं, आणि आठ सह्यांच्या खाली आपलं पूर्ण नाव.