माणूस चालू, प्राणी बंद

"आता त्या हौदापासून दारापर्यंत चाला, आजी. सावकाश."

साखरबाई चालली. कॅमेरा दुरुस्तीला आलेल्या दादासाहेबाच्या हातातला फोन गप्पच.

त्यानं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं. मघाशी तो स्वतः याच वाटेनं दोनदा गेला, तर दोन्ही वेळा फोन ठणाणा वाजला होता. नाव दादासाहेब असलं तरी शिडी त्याची त्यालाच वाहावी लागे. बारामतीहून कन्हेरीच्या या वस्तीपर्यंत ती मोटरसायकलला आडवी बांधून आणता आणता त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. आणि एवढं करून हे यंत्र त्याला बघून वाजायचं, पण जिच्यासाठी बसवलं तिला बघून नाही.

"पडला व्हता तवाबी असंच झालं म्हना की."

"त्ये मला काय ठावं, बाबा. सकाळी हौदापशी पाय घसारला. दुपारला शेजारचा गेणबा पानी धराया आला, तवा त्यानं उठीवलं."

म्हणजे चार-पाच तास. तिचा लेक इंद्रजित बारामतीत राहायचा, गाडीवरून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. त्याच्या फोनवर काहीच आलं नव्हतं. तेव्हापासून त्यानं एकच घोषा लावला होता: कॅमेरा नीट झाला तर इथं राहा, नाहीतर माझ्याकडं फ्लॅटवर चल. साखरबाई एकदा तिथं जाऊन आली होती. लिफ्टला आणि सुनेच्या गप्प बसण्याला भिऊन आठव्या दिवशी परत फिरली होती. त्यामुळं कॅमेरा नीट व्हावा म्हणून लेकापेक्षा तिचाच जीव जास्त टांगणीला लागला होता. दादासाहेबानं म्हटलं की ती लगेच हौदाकडं निघायची. ही पाचवी खेप.

त्यानं काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसलं होतं. कोन खाली केला होता. मग त्यानं सेटिंग उघडलं. तिथं लेकानंच करून ठेवलेलं होतं: माणूस चालू, प्राणी बंद. शेळ्या आणि कुत्रं हललं तरी फोन वाजायचा, म्हणून. त्यात काही वावगं नव्हतं. दहातली आठ गिऱ्हाइकं तेच करतात.

सहज बघावं म्हणून त्यानं प्राणी चालू केलं.

"चाला, आजी."

फोन वाजला.

"वाजला की रं!" साखरबाई हरखली.

दादासाहेबानं मागं वळून पाहिलं. शेळ्या घरामागं बांधलेल्या. कुत्रं बाजेखाली झोपलेलं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. फोनवर मात्र वेळेच्या शेजारी प्राण्याची खूण म्हणून बारीकसा पंजा उमटला होता.

साखरबाई कमरेत पार काटकोनात वाकलेली. पन्नास वर्षं खुरपं धरून पाठ जी वाकली ती तशीच राहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकत ती चालायची. तिच्या वयाच्या चार बायका अजून गावात तशाच चालतात, त्यात कुणाला कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. दादासाहेबालाही दिसलं नव्हतं.

त्यानं मागच्या आठवड्यातलं ती पडली त्या दिवसाचं चित्रण काढलं. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. पंजा. कॅमेऱ्यानं तिला पडताना नीट बघितलं होतं. जनावर पडलं म्हणून कुणाला कळवलं नव्हतं.



"काय दावतंय? बघू की."

"काय न्हाय, आजी. टाइम दावतंय." त्यानं पंजावर अंगठा ठेवला आणि इंद्रजितला फोन लावला.

"मोठ्यानं ऐकू यील असं कर," ती म्हणाली. "मलाबी कळू दे काय म्हनतोय त्यो."

त्यानं स्पीकर लावला.

"काय फॉल्ट निघाला?" इंद्रजितनं विचारलं.

"फॉल्ट न्हाय, साहेब. त्ये... आजी वाकून चालत्यात ना. कॅमेऱ्याला त्या माणूस वाटंनात."

"मग काय वाटतात?"

दादासाहेब घुटमळला. "प्राण्यांचं चालू करावं लागंल."

मग इंद्रजित वैतागून म्हणाला, "अहो, दिवसातनं शंभरदा वाजतो मग. कामावर असतो मी. कितीदा बघू? आईला जरा सरळ चालायला सांगा ना."

साखरबाईनं ते ऐकलं. कुणी काही म्हणायच्या आत तिनं ओसरीच्या खांबाला धरलं आणि अंग वर रेटलं. वीतभर वर आली. ओठ दातांखाली गेला, मानेच्या शिरा ताठल्या. तेवढंच. मग ती पुन्हा होती तिथं आली. फोन वाजला. पंजाच.

"राहू द्या, आजी," दादासाहेब म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना.

"थांबा, थांबा," इंद्रजितचा आवाज एकदम मोकळा झाला. "सोपं आहे की! रविवारी येतो आणि शेळ्या न् कुत्रं गेणबाकडं नेऊन सोडतो. प्राणी चालू ठेवा तुम्ही. अंगणात दुसरं काही नसलंच, तर जे हलेल ती आईच. काय?"

फोन हौदात टाकून द्यावा असं दादासाहेबाला वाटलं. पण तो गिऱ्हाइकांशी जसा बोलायचा तसंच त्याच्या तोंडून निघालं, "व्हय, साहेब."

"आई, ऐकलंस ना? राहा आता निवांत तिथंच."

साखरबाई खांब धरून तशीच उभी होती. धाप जरा कमी झाली तशी ती फोनजवळ आली.

"शेळ्या खुशाल ने, बाबा," ती म्हणाली. "त्यास्नी बांधायचा खुट्टा मातुर उपटू नगंस. मी हाय की त्येला."